देवीची पदं

१९३४ साली मुन्शी घाटावर ढुंढिराज महाराज सांगत होते, "ही पदं मला देवीनं स्वतः येऊन दिली. त्याआधी ती कुणी ऐकली नव्हती."

माझी विधवा बकुळआत्या शेजारून उठली. "ढुंढिराजा, विद्यार्थी असताना तू मंगळवारी आमच्याकडे वारानं जेवायचास. ही पदं माझी. मी चुलीपाशी म्हणायचे, तू जेवता जेवता ऐकायचास."

महाराज उतरून आले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग लोकांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? देवी पुन्हा आली."

लोक पाया पडायला धावले. आत्या म्हणत राहिली, "अरे, मी बकुळ."

त्यानंतर ती कधी गायली नाही. चार वर्षांनी तिला मणिकर्णिकेवर नेलं. महाराजांचा मोठा मठ झाला. तिथं आजही आत्याच्या पावलांची पूजा होते. पदं मात्र महाराजांच्या नावानं गातात.