न हललेला आकडा

गुरुपादप्पांच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न झालं त्याच आठवड्यात औसा रोडवरच्या त्यांच्या गल्लीत पाइपचा गॅस आला. गुरुपादप्पांच्या घरची सगळी माणसं उदगीरला मांडवात होती. मग शेजारच्या केवळाबाईंनीच उभं राहून दोन्ही घरांचे मीटर बसवून घेतले. घरं जुळी, मधली भिंत एक, आणि अंगणातल्या त्या भिंतीवर दोन मीटर शेजारी शेजारी. "ह्यो माझा, त्यो अप्पांचा," असं त्यांनी बोटानं दाखवलं आणि फिटरनं रंगानं नावं टाकली.

पहिला उन्हाळा सुरळीत गेला. थंडी पडली आणि गुरुपादप्पांच्या बिलातले युनिट एकदम दुप्पट झाले.

बिल हैदराबादला त्यांच्या मुलाच्या, रविकिरणच्या मोबाइलवरही जायचं. त्याच दिवशी त्याचा फोन आला.

"अप्पा, एका माणसाला एवढा गॅस लागतो का? शेगडी बंद करायची विसरता का तुम्ही?"

"न्हाई रे. सकाळची आंघोळ, मग लिंगपूजा, आणि दोन वेळचं जेवण. एवढंच."

"मागं दूध जळून भांडं काळं झालं होतं."

भांडं काळं झालं होतं हे खरं होतं. बायको शिवम्मा गेल्यापासून गुरुपादप्पा एकटेच राहत होते, आणि भांड्याची गोष्ट रविकिरणला त्यांनीच हसत हसत सांगितली होती.

त्यांनी हरिओमला बोलावलं. हरिओम गॅसच्या जोडण्या करायचा. त्यानं साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावला. कुठंच बुडबुडा आला नाही.

"गळती न्हाई अप्पा. मीटरही चांगला हाय. गॅस जळूनच राहिलाय."

"पण जाळतंय कोण?"

"घरात कोण कोण असतं?"

"मी एकटा."

हरिओमनं हात पुसले आणि विषय बदलला. "रोज आकडा लिहून ठेवा. काळे आकडेच लिहा, लाल दशांशाचे, ते सोडून द्या."

त्या दिवसापासून गुरुपादप्पा सकाळ-संध्याकाळ मीटरपुढं उभे राहून भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहू लागले. कुठंही जाताना शेगडीची बटणं तीन-तीनदा बघायचे. गल्लीच्या कोपऱ्यावरून परत यायचे, पुन्हा बघायचे. शेवटी त्यांनी गिझर बंद केला आणि गार पाण्यानं आंघोळ सुरू केली. जेवण खानावळीतून मागवलं. घरात फक्त चहा.

आकडा तरी रोज चढतच होता.

पुढचं बिल आणखी वाढलं. त्याच संध्याकाळी केवळाबाई लंगडत आपलं बिल घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. बिल नेहमी गुरुपादप्पाच वाचून दाखवायचे.

"सांगा अप्पा, किती जाळला म्या?"

"मागच्यापेक्षा निम्मा."

"बघा! गुडघे शेकायला दिवसातून चार-चारदा पाणी तापवते, तरी कमी. तुम्ही काय शेगडी पेटवून निलंग्याला जाता का काय?"

"हसू नका अक्का. रविकिरण मला हैदराबादला न्यायचं म्हणतोय. घराला कुलूप लावणार म्हणे."

केवळाबाईंचं हसू मावळलं. "तुम्ही गेल्यावर माझं बिल कोण वाचंल?" उठताना त्या म्हणाल्या, "मी बी लेकीकडं, तनुजाकडं हिमायतनगरला जाऊन येणार हाय, चार दिवस. थंडी लई बाधून राहिली."

त्या रात्री गुरुपादप्पांना झोप नव्हती. शेगडी आपण पेटवतो आणि आपल्यालाच आठवत नाही, असं असेल तर आणखी काय काय आठवत नसेल? शिवम्माचा चेहरा त्यांनी अंधारात आठवून बघितला. आठवला, तेव्हा कुठं डोळा लागला.

मंगळवारी संध्याकाळी सहाला त्यांनी आकडा लिहिला. चारशे बारा.

बुधवारी सकाळी चारशे बारा. संध्याकाळी चारशे बारा.

गुरुवारीही तोच. त्यांनी बोटानं काच पुसून पुन्हा वाचला आणि लगेच मुलाला फोन लावला.

"रवी, आकडा थांबला! दोन दिवस झाले, हलला न्हाई. मी नीट हाय."

"शनिवारी येतोच आहे मी, अप्पा. बघू."

ही बातमी त्यांना केवळाबाईंनाही सांगायची होती. अंगणातून बघितलं तर दार लावलेलं. गेल्या वाटतं लेकीकडं, जाताना सांगितलंही नाही, असं म्हणून ते जरा खट्टू झाले.

शनिवारी सकाळी रविकिरण रिकामी बॅग घेऊनच आला. गुरुपादप्पांनी त्याच्यापुढं कॅलेंडर धरलं.

"बघ. मंगळवारपासून तोच आकडा."

रविकिरणनं बघितलं. "चहा तरी करत होता ना? थोडा तरी हलायला पाहिजे होता." तो उठला. "मी गिझर लावून आंघोळ करतो. तुम्ही बाहेर मीटर बघा. लाल आकडेसुद्धा."

आत गिझर भणभणू लागला. गुरुपादप्पा कॅलेंडर हातात घेऊन मीटरपुढं उकिडवे बसले.

त्यांच्या नावाच्या मीटरवर लाल आकडासुद्धा जागचा हलत नव्हता. शेजारी, केवळाबाईंचं नाव लिहिलेल्या मीटरवर लाल आकडे भराभर पळत होते.

त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग ते एकटेच हसू लागले. डोकं शाबूत होतं. सगळी थंडी ते अक्कांच्या गुडघ्यांचं गरम पाणी मोजत बसले होते! कुठंही जायचं नव्हतं, घराला कुलूप लागणार नव्हतं. अक्का परत आल्या की त्यांची चांगली फिरकी घ्यायची, असं मनाशी ठरवत त्यांनी शेजारच्या दाराकडं बघितलं.

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. कडी आतून होती.

हातातल्या कॅलेंडरात तोच आकडा ओळीनं लिहिलेला होता, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी.

केवळाबाई मंगळवारी संध्याकाळी वारल्या होत्या.