तिसऱ्या फेरीचे गुण

मिरजेच्या क्लबात सगळ्यांनी कपाळाला पट्ट्या लावल्या आणि पुन्हा गुण देण्यासाठी वीस वर्षांपूर्वीची मुद्रित बॉक्सिंग लढत सुरू झाली. बॉक्सरच्या अंगात तेव्हा जे जे झालं, ते पट्टीतून पाहणाऱ्याच्या अंगात उतरत असे. कुसुमताईंनी त्या लढतीतल्या एका बॉक्सरची, आपल्या दिवंगत नवऱ्याची, यशवंतरावांची, पट्टी घेतली होती.

तिसऱ्या फेरीत यशवंतरावांचे हात खाली आले आणि जबड्यावर ठोसा बसला.

“इथं दमला गडी,” प्रतिस्पर्धी बॉक्सरची पट्टी लावलेले बागवानचाचा म्हणाले. “फेरी हरला, दहापैकी नऊच गुण.”

कुसुमताईंना थकवा जाणवलाच नाही. यशवंतरावांची नजर प्रेक्षकांतल्या एका रिकाम्या खुर्चीवर खिळली होती आणि त्यांच्या पोटात खड्डा पडला होता. लढतीच्या दिवशी नवऱ्याशी भांडून कुसुमताई घरीच राहिल्या होत्या.

ठणकणाऱ्या जबड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “गुण राहू द्या, चाचा. ही फेरी पुन्हा लावा.”