दाजींच्या गाडीचं मिसिंग

"गाडयेक कायएक झालेला नाय, दाजी!" गुरुदासने हातातला पाना फळीवर आपटला. "आणि तरी ती वाटेत मरता. ह्येका काय म्हणाचा?"

दाजी गॅरेजच्या बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तारकर्लीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मवाळ माणूस. थोरल्या भावापुढे, अप्पांपुढे, त्यांनी आजवर कधी 'ब्र' काढला नव्हता.

"तुका कळणा नाय, तर कोणाक कळतला?" एवढंच ते म्हणाले.

गुरुदासला ते जिव्हारी लागलं. मिसिंग, म्हणजे इंजिनाचा चुकलेला ठोका, पकडावा तर गुरुदासने, असं अख्खं मालवण म्हणायचं. चारातला एक प्लग चुकला की तो रस्त्यापलीकडून सांगे. आणि या वीस वर्षांच्या खटाऱ्याने त्याच्या तोंडाला काळं फासलं होतं.

तेही दोनदा. पहिल्यांदा कुंभारमाठच्या चढावर, दुसऱ्यांदा चौक्याच्या पुढे. दोन्ही वेळा अप्पा आणि दाजी कुडाळला निघाले होते, दाजींच्या मुलीची, नर्मदेची, लग्नाची बोलणी पक्की करायला. स्थळ अप्पांनी आणलेलं. मुलगा बिजवर. पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली असं सांगत, पण कुडाळात भरबाजारात स्वतःचं दुकान. देवळात कौल लावला तर तोही उजवा पडला. देवानेच हो म्हटल्यावर माणसांनी तोंड उघडायचं कारण उरलं नाही.

दोन्ही वेळा निरोप मिळताच गुरुदास सायकल मारत गाडीपाशी पोचला. दोन्ही वेळा दाजी बॉनेट उघडून धोतराच्या सोग्याने हाताला लागेल ते पुसत उभे.

"तुमी हात लावू नकात हो!" गुरुदास ओरडला होता. मग त्याने गाडी चालू केली, तर ती शहाण्या लेकरासारखी चालू झाली. रोगी आहे, पण वैद्य आला की रोग पळतो. कसं औषध द्यायचं?

त्याने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. खाऱ्या हवेला शिव्या दिल्या. पेट्रोलात पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली. हाती भोपळा. बाजारातली पोरं विचारू लागली, "गुरुदासा, कुडाळाक बैलगाडी धाडूया काय?" तो नुसता चडफडायचा.

त्यात अप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "आता तिसऱ्यांदा मोडता इलो, तर देवानच कौल फिरवल्यान म्हणान समजाचा. मगे मी ह्या सोयरिकेचा नाव काढूचंय नाय."

म्हणजे देव सुटला, अप्पा सुटले. नाव जाणार ते गुरुदासचं.

"सोमवारी सकाळी निघतलो," दाजी उठत म्हणाले. "वाटेत बंद पडाची नाय मां?"

"पडली तर गॅरेजाक कुलूप लावतलंय!"

दाजींनी टोपी घातली. "मगे तू येव नको हां. उगाच तुझो दिवस मोडात."

गुरुदास ऐकणाऱ्यांतला नव्हता. सोमवारी उजाडताच तो तारकर्लीला हजर. दोघे भाऊ नारळ ठेवायला देवळात गेले होते. गाडी घरापुढच्या खळ्यात उभी होती. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन गचके देऊ लागलं.

मिसिंग! आयुष्यात पहिल्यांदा त्याला मिसिंग ऐकून आनंद झाला. आता चोर घरातच सापडला होता.

त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. चारही प्लगांना आळीपाळीने करंट जातो तो इथून. उन्हात धरून पाहिलं, तर आतल्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक काळी रेघ. करंट आपली वाट सोडून या आडवाटेने पळत होता. त्याने पेट्रोलचं फडकं फिरवलं, रेघ साफ पुसली गेली. इंजिन सुतासारखं सरळ चालू लागलं.

नर्मदा पडवीत येऊन उभी राहिली होती. "काय गावला काय?"

"रोग गावलो गो! आता कुडाळच काय, थेट मुंबयक जायत."

तिने मान खाली घातली आणि आत निघून गेली. लाजली, गुरुदास मनाशी हसला.

अप्पांनी त्यालाही गाडीत घेतलं. दाजी चालवायला बसले. कुंभारमाठचा चढ गाडीने धापसुद्धा न टाकता चढला. दाजींच्या कपाळावर घाम आला. चौकं आलं, मागे पडलं. दाजींनी वेग कमी केला.

"भियां नकात, पळवा बिनधास्त!" गुरुदास म्हणाला. मागून अप्पाही म्हणाले, "पळव रे. देवाची इच्छाच आसा."

कुडाळला मुलाकडचे दारातच उभे होते. अप्पा नारळ घेऊन उतरले आणि हसतमुखाने आत गेले.

दाजी स्टिअरिंग धरून बसूनच राहिले. "सकाळी झाकण उघडलंस तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"उघडलंय तर! दोन महिने माका नाचयल्यान त्या रोगान. आत इतकीशी काळी रेघ, दाजी. कशी पडली ती देवाक ठावक."

"माका ठावक आसा," दाजी म्हणाले. "ती रेघ तीनय खेपेक मीच पेन्सिलीन वडलेलंय."