अडलेला शब्द
भोरच्या ऑफिसात पुण्याच्या डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाइप करताना कुणाचाही शब्द अडला, की हेडफोन किकवीहून येणाऱ्या साधनाताईंकडे जायचा. आज गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट लिहिताना रश्मीला आजाराचं नाव उमगेना. "ताई, ऐकता जरा?" ताईंनी शिस्तीप्रमाणे रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. मग मागे नेऊन तेच पुन्हा ऐकलं. "तुमालाबी कळंना व्हय?" रश्मी हसली. ताईंनी स्पेलिंगचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. रश्मीनं टाइप केलं. "कॅन्सरच की हो हा. बिचारी." "हं. आणि वय अक्षरांत लिहायचं नसतं. आकड्यात लिही, बेचाळीस." वय दुरुस्त करायला रश्मी पहिल्या ओळीवर आली. नावं नेहमी तिच्या कानांतून थेट बोटांत उतरायची, डोक्यात थांबायची नाहीत. तिनंच टाइप केलेलं नाव तिनं आता वाचलं. साधना संपत खोपडे, किकवी. ताईंनी हेडफोन अजून काढला नव्हता.