रिकामी तारीख
जुन्या काळातले आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर एक जून ही तारीख लावली, पण ध्वनिकक्षात नुसता वारा ऐकू आला. सत्तरीचे भिवाजी मेंगाळ आपल्या जन्मदिवशीचा आईचा आवाज ऐकायला आले होते.

"ती तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकलीय, पोरी. अख्ख्या वर्गाची तीच."

इंजिनियर रेश्माने तारीख पुसली. रिकामी तारीख वाचताना यंत्र चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, अडायचा; तिने तो दुरुस्त केला. आता तारीख नसली, तर यंत्र आईचा आवाज सापडेल तितक्या जुन्या काळापासून लावणार होतं.

खिदळणं ऐकू आलं. "ए, माझ्यावर राज्य नाही!"

"ही कोण?"

"तुमची आई, बाबा. सहा-सात वर्षांची. तुमच्या जन्मापर्यंत पुढे नेऊ?"

भिवाजी कितीतरी वेळ ऐकत राहिले.

"नको. पुढं लई कष्ट हायेत तिला. खेळू दे."