हिरवी पलटण

ह्यांना लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. त्यामुळे शिशाचे बोटभर शिपाई, अठराव्या शतकातल्या फ्रेंच वसाहतींतले, रंगवताना हे बाटली दाखवून विचारतात, “लालच ना गं?” परवा ह्यांनी माझ्या चहात ब्रश बुडवला आणि मी जावयासमोर “पुरे हा पोरखेळ” म्हणाले. तेव्हापासून आमचा अबोला. आज केर काढताना टेबलाकडे नजर गेली. भिंगावर वाकून हे शेवटचा शिपाई रंगवत होते. लाल कोटांची अख्खी पलटण हिरवीगार झाली होती. विचारतील कसले, मानी माणूस. लाल बाटली पुढे सरकवली. “हा लाल. हिरवे झालेत सगळे.” ह्यांनी ब्रश धुतला, पाण्यातच. मग दुसरी बाटली दाखवत म्हणाले, “बाह्यांना निळा. निळाच ना गं?” निळा ह्यांना लख्ख दिसतो, जन्मात कधी चुकला नाही. “निळाच,” म्हणत मी खुर्ची ओढली.