अंगठा बरा झाल्यावर

पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड ऑपरेशन करून सरळ करायची घाई वैजयंतीबाईंनाच होती. लेकीच्या लग्नात त्यांना नाजूक चपला घालायच्या होत्या. लग्न होऊन वर्ष उलटलं, तरी ऑपरेशननंतरच्या वेदनाशामक गोळ्या सुटल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला. “दुखतंय?”

“नाही.”

“मग गोळी कशासाठी?”

त्या गोंधळल्या. “सकाळची चुकली की सगळं अंग ठणकतं, घाम फुटतो. पाय अजून बरा नसेल ना?”

“पाय केव्हाच बरा झालाय. हा त्रास गोळीच्या सवयीचा आहे. ती आता हळूहळू सोडवू.”

वैजयंतीबाईंना काही उमगेना. पाय बरा, मग दुखतंय ते काय? त्यांनी चाचरत विचारलं, “डॉक्टर, ती सुटेपर्यंत या त्रासावर कुठली गोळी घेऊ?”